दहा मिनिटं पुढचं घड्याळ

सतरा एप्रिलला, गुरुवारी, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी मला उत्तमरावांचा फोन आला. उत्तमराव म्हणजे आमच्या हिवरदरी गावचे पोलीस पाटील. एरवी ते फोनवर आधी "काय साहेब, आज पाडता का पाऊस?" असं विचारायचे आणि मग कामाचं बोलायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

"दिगंबरराव, कुठं आहात?"

"केंद्रावर."

"मोटारसायकल काढू नका. मी जीप पाठवली आहे."

"काय झालं?"

"बाई गायरानात होत्या. वीज पडली."

मी विचारलं, "कोणत्या बाई?"

गावात बाई म्हटलं की शाळेच्या बाई, म्हणजे माझी बायको रत्नमाला. हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं. 

माझ्यासमोर रडारचा पडदा चालू होता. त्यावर हिवरदरीच्या डोक्यावर लाल डाग होता. त्याची नोंद मीच वहीत केली होती, चहा पिता पिता: '१६.४०, हिवरदरी परिसर, जोरदार वादळी ढग.' नंतर वीज मोजणाऱ्या यंत्राची वेळ पाहिली, तेव्हा कळलं की वीज ४.३४ ला पडली होती. म्हणजे मी ती ओळ लिहीत होतो तेव्हा तिला जाऊन सहा मिनिटं झाली होती.

आम्ही सत्तावीस वर्षं एकत्र राहिलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मी गावापासून चौदा किलोमीटरवर घाटमाथ्यावरच्या रडार केंद्रात तंत्रज्ञ. रडारची वायरिंग, मोटर, जनरेटर, नोंदी ही माझी कामं. ढगांचा नाद मात्र तिला होता. तिच्याकडे एक जुना डिजिटल कॅमेरा होता आणि तीन पायांचं स्टँड. गायरानात एक चुन्यानं रंगवलेला दगड आहे. त्या दगडापाशी उभं राहून ती ढगांचे फोटो काढायची. डावीकडे पाण्याची टाकी आणि उजवीकडे एकटा निंब, या दोन्हींच्या मध्ये जेवढं आकाश येईल तेवढं. जागा कधी बदलली नाही. अकरा वर्षं एकच चौकट.

"तुम्ही ढगाचा एक्स-रे काढता," ती म्हणायची, "मी पासपोर्ट फोटो काढते."

आमच्या घरातल्या घड्याळाचं इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिची नेमणूक लांबच्या गावात होती. सकाळची एसटी दोनदा चुकली, आणि दुसऱ्या वेळी नेमके साहेब तपासणीला आले होते. सगळ्यांसमोर बोलणी खाऊन ती घरी आली, स्टुलावर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं केलं. पुढं तिची बदली आमच्याच गावात झाली. शाळा घरापासून पाच मिनिटांवर आली, एसटीचा संबंध संपला. घड्याळ मात्र तसंच राहिलं. असं घड्याळ पुष्कळ घरांत असतं. माझा मेहुणा म्हणायचा, "ताईच्या घरात माणूस दहा मिनिटं लवकर म्हातारा होतो."

तिच्या कॅमेऱ्यातली बॅटरी बाहेर काढून चार्ज करावी लागायची. बॅटरी काढली की त्यातली तारीख-वेळ पुसली जायची. परत घातली की कॅमेरा वेळ विचारायचा. मग ती मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि ती वेळ घालायची. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. समोर बसून, पेपर वाचता वाचता.

चार वर्षांपूर्वी आमच्या केंद्रावर मुजावर मॅडम आल्या. डॉ. शबाना मुजावर, सांगलीकडच्या, वय पस्तिशीचं. त्यांनी एक प्रोग्राम आणला होता. त्यांनी मला तो जसा समजावला, तसाच सांगतो.

रडार हवेत लहरी सोडतं. त्या लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात आणि त्यावरून पाऊस कुठं आहे, किती आहे ते कळतं. पण ढगातलं पाणी सुरुवातीला फार बारीक असतं, धुक्यासारखं. त्याच्यावरून आमच्या रडारला जवळजवळ काहीच परत येत नाही. थेंब मोठे झाले, की मगच दिसतात. दुसरं म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळं आकाश तपासायला रडारला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांना एक चित्र. आणि तिसरं, घाटाखालच्या गावांपुढं डोंगर येतो, तिथलं खालचं काही दिसतच नाही.

मॅडमची कल्पना सोपी होती. वादळाचा एक फोटो घ्यायचा आणि त्याच वेळचं रडारचं चित्र घ्यायचं. अशा हजारो जोड्या प्रोग्रामला दाखवायच्या. ढग बाहेरून असा दिसला की आत एवढा पाऊस असतो, हे तो स्वतः शिकतो. शिकला की त्याला रडार लागत नाही. नुसता फोटो दिला की तो रडारसारखं चित्र काढून देतो. मग गावोगावी खांबावर साधा कॅमेरा बसवायचा. दर मिनिटाला फोटो, दर मिनिटाला चित्र. गावाच्या आठ किलोमीटरच्या आत लाल रंग आला, की खांबावरचा भोंगा वाजणार.

"फक्त फोटो हवेत," मॅडम म्हणाल्या. "फोनवरचे लोकांनी पाठवलेत भरपूर. पण कुठं उभं राहून, कुठल्या दिशेला काढलाय, काही कळत नाही. एकाच जागेवरून वर्षानुवर्षं काढलेले कोणाकडे असतील का हो?"

मी म्हणालो, "माझ्या घरी आहेत."

सहा हजारांवर फोटो होते. मॅडम आमच्या घरी येऊन जमिनीवर बसल्या आणि दुपारभर बघत राहिल्या. रत्नमालानं तीनदा चहा केला. जाताना मॅडम तिला म्हणाल्या, "ताई, आमच्या खात्यानं हे करायला पाहिजे होतं." त्यानंतर महिनाभर रत्नमाला शाळेत, दुकानात, सगळीकडे हे वाक्य सांगत होती.

जोड्या तपासायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर डाव्या बाजूला फोटो, उजव्या बाजूला रडारचं चित्र. खाली दोन बटणं: जुळते, जुळत नाही. फोटो अंधारा असेल, मध्ये झाड आलं असेल, तर जुळत नाही. बाकी जुळते. दहा मिनिटांचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लांबचा ढग दहा मिनिटांपूर्वीही ढगच असतो.

ती रोज विचारायची, "आज माझे किती नापास?"

"चार."

"चारच? बायको म्हणून पास करताय."

"ढग चांगले आहेत म्हणून पास करतोय."

"फोटो चांगले आहेत म्हणा की एकदा."

मी तेव्हा म्हटलं नाही. आम्ही असेच बोलायचो.

खांब बसले. आधीच्या वर्षी आमच्या तीन तालुक्यांत वीज पडून चौदा माणसं गेली होती. भोंगा आल्यावर पहिल्या वर्षी दोन गेली, दुसऱ्या वर्षी एक. वरून अभिनंदनाची पत्रं आली. ही मोठी गोष्ट होती आणि ती का घडली, हे आमच्यापैकी कोणी नीट विचारलं नाही. यंत्र चांगलं आहे म्हणून घडलं, असं धरून चाललो.

गावानं मात्र भोंग्याची सवय लावून घेतली होती. आमच्या शेजारी चंद्रभागाबाई राहतात. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर कुरडया, पापड, मिरच्या, काही ना काही वाळत असतं. एकदा भोंगा वाजला आणि त्या आरामात गच्चीवर चढायला लागल्या. मी खालून ओरडलो, "चंद्रभागाबाई, भोंगा वाजला, घरात जा!"

"वाजू द्या ना साहेब," त्या म्हणाल्या. "भोंगा झाला की धा मिंटं असतेत. कुरडया गोळा होतेत, शेळ्या बांधून होतेत, अन् मंग येते ईज. तुमचाच भोंगा अन् तुमालेच ठाव नाही?"

जेवताना मी हे रत्नमालाला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "खरंच आहे त्यांचं. मीसुद्धा तसंच करते. भोंगा वाजला की निघायचं नाही. एक शेवटचा फोटो घ्यायचा, मग स्टँड गुंडाळायचं. दहा मिनिटं असतात. त्या वेळेला ढग सगळ्यात छान असतो."

हे वाक्य मी ऐकलं होतं. भात कालवत होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर चौकशी समितीपुढं मी आधी सांगितलं की मला काही कल्पना नव्हती.

गेल्या डिसेंबरात हे यंत्र सगळ्या राज्यात बसवायचं ठरलं. त्याआधी परीक्षा घ्यायची होती. परीक्षा म्हणजे, यंत्रानं खांबावरच्या फोटोवरून काढलेलं चित्र आणि त्याच मिनिटाचं खरं रडारचं चित्र एकमेकांवर ठेवायचं आणि किती जुळतं ते मोजायचं. शंभरपैकी एकसष्ट आले. मंजुरी देणाऱ्या समितीतले लोक नाराज झाले. मुजावर मॅडमचा चेहरा उतरला.

मी ती चित्रं घेऊन बसलो. माझं शिक्षण डिप्लोमापर्यंतच, पण पंचवीस वर्षं रडारची चित्रं बघितली आहेत. यंत्राचा डाग खऱ्या डागाच्या नेहमी थोडा पुढं असायचा. वारा ज्या दिशेला वाहतो, त्या दिशेला पुढं. वारा जोरात असला की जास्त पुढं, मंद असला की कमी. मी पट्टी घेऊन अंतरं मोजली आणि प्रत्येक अंतराला त्या दिवशीच्या वाऱ्याच्या वेगानं भागलं. सगळीकडे एकच उत्तर आलं. दहा मिनिटं.

त्या संध्याकाळी घरी गेलो, दारात उभं राहून भिंतीकडे बघितलं आणि मोठ्यानं हसलो.

"काय झालं?" ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"सापडला चोर! मॅडम दोन आठवडे शोधतायत. तुझं घड्याळ!"

मी तिला सगळं सांगितलं. फोटोवर लिहिलेली वेळ चार वाजून दहा, पण काढला आहे बरोबर चारला. आम्ही तो जोडला चार-दहाच्या रडारशी. एक-दोन नाही, सगळेच्या सगळे. ती हात पुसत ऐकत होती. मला वाटलं, तीही हसेल.

"म्हणजे सगळं माझ्यामुळे चुकलं?"

"तुझ्यामुळे म्हणजे... हो, तसंच म्हणायचं. अकरा वर्षं चुकीची वेळ!"

मी अजून हसत होतो. ती आत गेली. थोड्या वेळानं कॅमेरा घेऊन आली आणि मोबाइलमध्ये बघून वेळ बरोबर केली. माझ्यासमोर धरला. "बघा. झालं ना बरोबर?"

"झालं. आता भिंतीवरचंही कर."

"ते नाही," ती म्हणाली. "ते घरचं आहे. त्याचं तुमच्या खात्याशी काही नाही."

त्या जेवणात ती फारसं बोलली नाही. मला ते जाणवलं होतं. सकाळपर्यंत ती विसरेल असं वाटलं.

मॅडमना सांगितल्यावर त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "पडघान साहेब, पेढे तुमच्याकडून!" दुरुस्ती सोपी होती. तिच्या प्रत्येक फोटोच्या वेळेतून दहा मिनिटं वजा करायची आणि यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. पुढच्या परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी आले. समितीनं टाळ्या वाजवल्या. मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी घरी आणून रत्नमालाला दाखवलं. तिनं ते वाचलं आणि पुन्हा घडी करून परत दिलं.

"माझी चूक शोधल्याबद्दल," ती म्हणाली. मग हसली. पण आधी म्हणाली.

बावीस मार्चला नवं यंत्र सगळ्या खांबांवर चढवलं. गावांना पत्रक काढायचं काम माझं होतं. 'यंत्रणा अधिक अचूक करण्यात आली आहे.' एवढंच मी लिहिलं. अचूक झाली म्हणजे आणखी काय सांगायचं?

तेराव्यानंतर उत्तमराव कॅमेरा घेऊन आले. टॉवेलात गुंडाळलेला होता. गायरानात स्टँडवरच उभा सापडला होता, पण पंचनाम्यामुळे त्यांच्याकडे राहिला होता. विजेनं तिला थेट गाठलं नव्हतं. वीज निंबावर पडली आणि जमिनीतून तिच्यापर्यंत आली. कॅमेरा बंद पडला होता. आतलं कार्ड चांगलं होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, आत्ता नका बघू." मुलगी नाशिकला नर्स आहे. ती परत जाईपर्यंत मी थांबलो. मग कार्ड केंद्रावर नेलं.

शेवटच्या फोटोत टाकी होती, निंब होता आणि मध्ये ढग. ढगाच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या टणक, वर पांढरा, खाली काळा. खरोखर चांगला फोटो होता. खाली तारीख सतरा एप्रिल आणि वेळ ४.४३.

मी वेळ परत वाचली. वीज पडली ४.३४ ला. तिच्या मृत्यूनंतर नऊ मिनिटांनी काढलेला फोटो. काही क्षण माझ्या मनात काय काय आलं, ते सांगत नाही.

मग आठवलं. त्याआधीच्या रविवारी तिनं बॅटरी चार्जिंगला लावली होती. परत घालताना तिनं मान वर करून भिंतीकडे बघितलं होतं. सत्तावीस वर्षांची सवय. म्हणजे खरी वेळ ४.३३.

सवयीनंच मी रडारची चित्रं काढली. ४.३० च्या चित्रात हिवरदरीजवळ हिरवी किनार, बाकी काही नाही. ४.४० च्या चित्रात गावावर लाल डाग. फोटोतला ढग बघितला, दोन्ही चित्रं बघितली. तो ढग ४.४० च्या चित्राचा होता. वेळ चुकीची होती आणि जोडी बरोबर होती.

मी जुनं यंत्र शोधून काढलं, दुरुस्तीच्या आधीचं, एकसष्ट गुणांचं. त्याला हिवरदरीच्या खांबावरचे त्या दुपारचे फोटो एकेक करून दिले. नव्या यंत्रानं भोंगा वाजवला होता ४.३१ ला. जुन्यानं ४.२१ च्या फोटोवर लाल रंग दाखवला.

मी मुजावर मॅडमना फोन केला. त्या तेव्हा पुण्याच्या कार्यालयात होत्या, दुसऱ्या दिवशी आल्या. मी त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी ते स्वतः पुन्हा करून बघितलं, आणखी चाळीस वादळांवर. दुपारी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ते चुकत नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते पुढचं सांगत होतं."

"कसं?"

"ताईंच्या वेळेमुळे आपण त्याला प्रत्येक वेळी आत्ताचा ढग आणि दहा मिनिटांनंतरचा पाऊस दाखवला. सहा हजार वेळा. ते तेच शिकलं. आणि ते शिकता येतं, कारण ढगाच्या कडा आधी टणक होतात, थेंब नंतर तयार होतात. डोळ्याला जे दिसतं, ते रडारला दहा-पंधरा मिनिटांनी दिसतं. हे पुस्तकात आहे, पडघान साहेब. मी मुलांना शिकवलंय."

"आणि परीक्षेत?"

"परीक्षा आपण रडारशी घेतली. विजेशी घेतली नाही. दहा मिनिटं पुढचं उत्तर आपण आत्ताच्या उत्तराशी ताडून पाहिलं आणि कमी गुण दिले."

त्यांनी चष्मा परत घातला. मग त्या म्हणाल्या, "माणसं कमी मरत होती. आपल्यापैकी एकानं तरी विचारायला हवं होतं, भोंग्यानंतर किती वेळ मिळतो."

मी म्हणालो, "मला माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुरडयांचं सांगितलं, रत्नमालाच्या शेवटच्या फोटोचं सांगितलं. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे हे मला माहीत होतं, आणि भोंग्यानंतर दहा मिनिटं असतात हेही मी ऐकलं होतं. दोन्ही दहा माझ्याच घरातले. माझं कामच दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं होतं. या दोन मी कधी शेजारी ठेवल्या नाहीत.

"तुमची एकट्याची चूक नाही ही," त्या म्हणाल्या. "मंजुरीवर सही माझी आहे. अहवालात मी खरं लिहिणार आहे. तुमचं नाव लिहू का?"

"लिहा."

"लोक बोलतील."

"बोलू द्या."

चौकशी समितीपुढं मी उभा राहिलो आणि आधी म्हणालो की कल्पना नव्हती. मग ते खोडायला लावलं आणि खरं सांगितलं. यंत्र मागं घेतलं गेलं. आता मॅडमनी नवं केलं आहे, त्यात दहा मिनिटांची आघाडी मुद्दाम ठेवली आहे, आणि परीक्षा विजेच्या नोंदींशी घेतली जाते. जूनच्या आधी ते खांबांवर चढलं. या वेळी पत्रक काढलं नाही. मी स्वतः गावोगावी गेलो. ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, की आधी भोंग्यानंतर दहा मिनिटं होती, मध्ये आम्ही ती काढून घेतली आणि तुम्हाला सांगितलं नाही, आता परत दिली आहेत. पण त्यांच्यावर विसंबू नका, भोंगा वाजला की घरात जा.

आमच्या गावात सभा संपल्यावर लोक उठले, पण जवळ कोणी आलं नाही. चंद्रभागाबाई तेवढ्या आल्या. मला वाटलं, समजूत घालतील.

"त्या दिशी मी गच्चीवरच व्हते," त्या म्हणाल्या. "भोंगा झाला, मी वर चढले. कुरडयांचा निम्माबी कपडा गुंडाळला नव्हता, अन् कडाडलं. मले वाटलं, आज भोंग्याले काय झालं? त्याच वक्ती बाई तिकडं... तुमी मले एकडाव इचारलं असतं, तं मी सांगितलं असतं. आमाले सगळ्या बायांले ठाव होतं."

"मी तुम्हाला घरात जा म्हणून ओरडलो होतो, आठवतं?"

"वरडले व्हते," त्या म्हणाल्या. "इचारलं नव्हतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्याकाळी त्यांनी मला भाकरी आणि पिठलं आणून दिलं. 

घरातलं घड्याळ तसंच आहे. मुलगी दर वेळी म्हणते, "बाबा, आता तरी बरोबर लावा." मी म्हणतो, लावतो. गेल्या महिन्यात त्यातला सेल संपला. नवा सेल घातला, मोबाइलमध्ये वेळ बघितली, त्यात दहा मिनिटं मिळवली आणि काटे लावले. बोटांनी आपोआप केलं.

आता एकच काम आहे. नव्या यंत्राला तिचे सगळे फोटो पुन्हा दिले आहेत. दहा मिनिटांची आघाडी आता प्रोग्राम स्वतः घेतो, म्हणून फोटोची वेळ मात्र खरी लागते. बाकी सगळ्या फोटोंच्या वेळा मागेच दुरुस्त झाल्या आहेत. शेवटचा तेवढा राहिला आहे. तो डाव्या बाजूला उघडा असतो. उजवीकडची जागा रिकामी दिसते. वेळेच्या रकान्यात ४.४३ खोडून ४.३३ लिहायचं, की रडारचं चित्र येईल, आणि मी 'जुळते' दाबलं की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मॅडमनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, उद्या करतो.

तिच्या वेळेतून मी एकदा दहा मिनिटं वजा केली आहेत. मी रोज सकाळी पडद्यासमोर बसतो, तो फोटो बघतो आणि दुसरं काम उघडतो. त्या एका फोटोची वेळ दुरुस्त करायची अजून राहिली आहे.